लेहच्या धावपट्टीवरचा एक शेरा

लढाऊ विमानं निवडण्याच्या कामात मी होतो हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात भारी विमान कुठलं? या प्रश्नाला मी आजवर सरळ उत्तर दिलेलं नाही, कारण माझ्या कामात तो प्रश्न कधी आलाच नाही. मी हवाई दलाच्या इंजिनिअरिंग शाखेतला. विमान आकाशात काय करतं हे बघायला टेस्ट पायलट असत. ते जमिनीवर कसं वागतं, किती वेळात पुन्हा उड्डाणाला तयार होतं, बिघडलं तर कोण, कुठे आणि कशानं दुरुस्त करणार, हे बघणं माझ्याकडे होतं. प्रत्येक अपेक्षेसमोर एक रकाना असे आणि त्यात शेरा लिहायचा असे : पूर्तता होते किंवा होत नाही.

त्यातल्याच एका शेऱ्याची ही गोष्ट. विमान कुठलं, कंपनी कुठल्या देशाची, साल कोणतं, हे लिहिणार नाही. त्या कागदांवर सही करताना दिलेला शब्द निवृत्तीनंतरही पाळायचा असतो.

आधी ही निवड होते कशी ते थोडं सांगतो, कारण बाहेरून ती फार वेगळी दिसते. हवाई दल आधी आपली गरज लिहून काढतं. तिला एअर स्टाफ क्वालिटेटिव्ह रिक्वायरमेंट्स म्हणतात, आमच्या बोलण्यात नुसतं एएसक्यूआर. त्यावरून निविदा निघते. कंपन्या दोन पाकिटं देतात, एक तांत्रिक आणि एक किमतीचं. तांत्रिक पाकीट उघडून कागदावरची छाननी होते, मग प्रत्यक्ष मैदानी चाचण्या. त्यातून जे उरतात त्यांचंच किमतीचं पाकीट उघडतात आणि ज्याची किंमत सगळ्यात कमी तो एल-वन. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण १२६ मध्यम लढाऊ विमानांच्या खरेदीचं. ऑगस्ट २००७ मध्ये दोनशेहून अधिक पानांची निविदा निघाली, सहा विमानं रिंगणात उतरली : राफेल, टायफून, सुपर हॉर्नेट, एफ-१६, ग्रिपेन आणि मिग-३५. बंगळुरूच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या उंचीवर त्यांच्या चाचण्या झाल्या. सहाशेहून जास्त मुद्द्यांवर तपासणी झाली, एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून ही दोनच उरली, जानेवारी २०१२ मध्ये राफेल एल-वन ठरलं. पुढे तो सौदा बारगळला आणि २०१६ मध्ये दोन सरकारांमधल्या करारानं ३६ राफेल घ्यायचं ठरलं, हेही सर्वश्रुत आहे.

या पद्धतीतली एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. त्या काळच्या नियमांत गुण देण्याची सोयच नव्हती. एखादं विमान मागितल्यापेक्षा दीडपट चांगलं असलं तरी त्याचा शेरा तोच, ‘पूर्तता होते’. आणि एखाद्या मुद्द्यावर थोडं कमी पडलं तरी शेरा ‘होत नाही’. संरक्षण खरेदीच्या २०१६ च्या नियमावलीत जास्तीच्या क्षमतेला थोडं वजन द्यायची तरतूद आली. तोवर आमच्या रकान्यांत हो किंवा नाही, एवढंच होतं.

लेहला ही परीक्षा का घेतात? विमानतळाची उंची साधारण साडेदहा हजार फुटांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, घनता पाऊणहून थोडी कमी. इंजिनाला हवाच कमी मिळते म्हणून जोर कमी. पंखांना तेवढीच उचल हवी असेल तर जमिनीवरून जास्त वेगानं धावावं लागतं. उतरतानाही प्रत्यक्ष वेग सहाव्या हिश्श्यानं वाढतो आणि ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते. शिवाय धावपट्टीच्या एका टोकाला डोंगर चढत जातो, त्यामुळे एका दिशेनं उतरायचं आणि उलट दिशेनं उडायचं. दुपारी वारा उठतो, म्हणून कामं सकाळची. १९९९ च्या कारगिल युद्धात हवाई दलानं या उंचीची किंमत मोजली आहे. सपाटीसाठी तयार केलेले बॉम्बफेकीचे हिशेब विरळ हवेत चुकत होते, आणि ते डोंगरावर, शत्रूसमोर दुरुस्त करावे लागले. त्यानंतर ‘उंच तळावरून वापर’ हा मुद्दा एएसक्यूआरमध्ये नुसता एक ओळ म्हणून उरला नाही.

माझ्या गोष्टीतलं विमान लेहला थंडीतल्या चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी उतरलं. खरं सांगायचं तर तोपर्यंत आम्ही सगळे त्याच्या प्रेमात होतो. बंगळुरूला आणि वाळवंटात त्यानं एकही मुद्दा सोडला नव्हता. इंजिन काढून बसवण्याची चाचणी मी स्वतः घड्याळ हातात धरून घेतली होती. कंपनीनं सांगितलेल्या वेळेच्या आत, मोजक्या माणसांत, साध्या ट्रॉलीवर इंजिन बाहेर आलं आणि परत बसलं. रोजच्या तपासणीची झाकणं माणसाच्या छातीच्या उंचीवर, शिडी न लावता उघडणारी. ज्यानं आयुष्यभर शिडीवर चढून, पंखाखाली वाकून काम केलंय त्याला अशा विमानाबद्दल काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. आमच्या पथकातले मास्टर वॉरंट ऑफिसर, ज्यांच्या हाताखालून विमानांच्या कितीतरी जाती गेल्या होत्या, ते त्या झाकणांवरून हात फिरवून मला म्हणाले होते, “सर, हे ज्यानं बनवलंय त्यानं स्वतः पाना धरलेला आहे.”

उतरल्यावर ब्रेकचं तापमान मोजलं. मर्यादेत होतं. इंधन भरलं, वजनांसकट लगेच दुसरं उड्डाण झालं, तेही व्यवस्थित. मग विमान उघड्या डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं पांगवून उभी करायच्या जागेवर लावून, इंजिनात हवा जायच्या तोंडांना कव्हर घालून, रात्रभर तसंच ठेवलं. याला कोल्ड सोक म्हणतात. विमान आतपर्यंत गार होऊ द्यायचं : तेल, इंधन, बॅटरी, सील, सगळं. हँगर नाही, हीटर नाही. अपेक्षा अशी लिहिलेली होती की अशा रात्रीनंतर बाहेरच्या कुठल्याही मदतीशिवाय इंजिन सुरू झालं पाहिजे. कंपनीनं आपल्या उत्तरात त्यापुढे ‘पूर्तता होते’ असं लिहून दिलेलं होतं.

पहाटे आम्ही पोचलो तेव्हा पारा उणे पंधराच्या खाली होता. विमानाच्या पाठीवर हिमकणांचा पातळ थर. जाड मोज्यांवर पातळ मोजे की पातळ मोज्यांवर जाड, यावरच क्रूची चर्चा चाललेली, कारण नुसत्या हातानं धातूला हात लावला तर कातडी चिकटते आणि जाड मोज्यात पिना धरता येत नाहीत. मी तेही वहीत टिपलं. कुठली पिन मोज्यासकट निघते आणि कुठलीसाठी मोजा काढावा लागतो, हा माझ्या लेखी इंजिनाच्या जोराइतकाच महत्त्वाचा तपशील आहे.

सुरू होण्याची साखळी अशी असते : बॅटरी एका छोट्या टर्बाइनला जागं करते, ते छोटं टर्बाइन मोठ्या इंजिनाला फिरवतं, ठरावीक वेग आला की इंधन सोडून ठिणगी द्यायची, ज्वाला धरली की इंजिन स्वतःच्या बळावर आयडलपर्यंत, म्हणजे जागेवर फिरत राहण्याच्या किमान वेगापर्यंत, चढतं. साखळीतली प्रत्येक कडी त्या हवेत अशक्त होते. गारठ्यानं बॅटरीची ताकद घटते, तेल घट्ट होतं, छोट्या टर्बाइनलाही हवा कमीच मिळते, त्यामुळे ते मोठ्याला पुरेसं जोरात फिरवू शकत नाही. आणि इंधनाचं प्रमाण सपाटीच्या हवेच्या हिशेबानं ठेवलेलं असेल तर कमी हवेत ते जास्त ठरतं : वेग वाढत नाही, तापमान मात्र वाढतं.

कॉकपिटमध्ये कंपनीचा पायलट आणि आमचा टेस्ट पायलट. मी खाली, हेडसेट लावून. बॅटरी ऑन. छोट्या टर्बाइनची शीळ सुरू झाली, ती चढत गेली आणि स्थिरावली. डाव्या हाताला उभे असलेले मास्टर वॉरंट ऑफिसर साहेब बोटांनी मला खूण करत होते, इंजिन फिरतंय. कानात आकडे येत होते. इंधन सोडलं. मागच्या बाजूनं भप्पकन आवाज आला, ज्वाला धरली होती. मग आकडे रेंगाळले. आयडलच्या बऱ्याच खाली इंजिनाचा वेग अडकून बसला आणि टर्बाइनचं तापमान मात्र एकेक पायरी वर सरकत राहिलं. याला हंग स्टार्ट म्हणतात. वाट बघत बसलं तर पाती जळतात. मर्यादा गाठायच्या आत पायलटनं इंधन तोडलं.

ठरलेल्या पद्धतीनं इंधनाविना इंजिन फिरवून आतलं न जळलेलं इंधन बाहेर काढलं, छोटं टर्बाइन गार व्हायला वेळ दिला आणि दुसरा प्रयत्न केला. या वेळी वेग पहिल्याहूनही खाली अडकला, कारण बॅटरीची अर्धी ताकद पहिल्या खेपेतच गेली होती. तिसऱ्या प्रयत्नाला त्यांच्याच नियमपुस्तकात परवानगी नव्हती.

सगळे गप्प होते. कंपनीचा मुख्य मेकॅनिक, पिकल्या केसांचा, शांत माणूस, माझ्याकडे आला आणि म्हणाला, ट्रॉली लावू का? मी घड्याळात वेळ लिहिली आणि हो म्हणालो. बाहेरून विजेची आणि दाबाखालच्या हवेची ट्रॉली जोडल्याबरोबर इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

खरी लढाई नंतर झाली, ब्रीफिंग रूममध्ये. कंपनीचं म्हणणं होतं की हा दोष इंजिनाचा नाही. कमी उंचीसाठी लिहिलेलं इंधनाचं प्रमाण संगणकात बदललं की झालं, करार झाल्यावर काही महिन्यांत ते देऊ. तोवर प्रत्येक विमानामागे एक ट्रॉली फुकट. त्यांचं तांत्रिक निदान मला पटलं होतं. माझाही अंदाज तोच होता.

पण ट्रॉलीचं गणित त्यांनी कधी मांडलेलं नव्हतं, ते मी फळ्यावर मांडलं. युद्धात विमानं एका रांगेत उभी नसतात. एका हल्ल्यात सगळी जाऊ नयेत म्हणून ती पांगवून, वेगवेगळ्या पेनमध्ये, म्हणजे आडोशाच्या जागांत, ठेवलेली असतात. म्हणजे प्रत्येक पेनला ट्रॉली, ती ओढायला ट्रॅक्टर, चालवायला माणूस, आणि त्या ट्रॉलीचं स्वतःचं डिझेल इंजिन, जे उणे पंधरात आपल्यापुरता वेगळाच त्रास देतं. त्या काळी हिवाळ्यात झोजी ला खिंडीतला आणि मनालीचा रस्ता बर्फाखाली असे, त्यामुळे यातली प्रत्येक वस्तू मालवाहू विमानातून वर न्यावी लागे, आणि तेवढ्या वजनाचा दारूगोळा किंवा रेशन खाली राही. शिवाय सज्ज ठेवलेल्या विमानाला भोंगा वाजल्यापासून हवेत जायला काही मिनिटंच असतात. त्या मिनिटांत एक ट्रॉली बंद पडली तर ते विमान नाहीच असं धरायचं.

यावर ज्यानं हरकत घेतली तो कंपनीचा नव्हता, आमचाच माणूस होता. त्या दिवशी कॉकपिटमध्ये बसलेला टेस्ट पायलट, मला ज्येष्ठ, माझ्याबद्दल माया असलेला. तो म्हणाला, “तू स्टार्टर मोजतोयस. मी पंखाखाली काय टांगलंय ते बघतोय. या यादीत एवढं चांगलं क्षेपणास्त्र दुसऱ्या कुणाकडे नाही. इंजिन कसं सुरू करायचं ते आपण शिकू. समोरचा आपल्याआधी मारू शकतो तेव्हा शिकायला वेळ मिळत नाही.”

त्याचं म्हणणं हलकं नव्हतं, म्हणून ते नीट सांगायला हवं. क्षेपणास्त्राच्या जाहिरातीत एकच आकडा असतो, पल्ला. तो आकडा खोटा नसतो, पण तो कशात मोजलाय ते त्याच्या शेजारी छापत नाहीत. दोन्ही विमानं खूप उंचावर, वेगात, समोरासमोर येताहेत आणि समोरचा वळतच नाही, अशा वेळी मिळणारा तो पल्ला. तेच क्षेपणास्त्र खालच्या दाट हवेत, पळून जाणाऱ्या विमानामागे सोडलं तर त्याचा लहानसा हिस्साच हाती उरतो. साध्या घन इंधनाची मोटर काही सेकंद जळते आणि विझते. पुढचा सगळा प्रवास मिळालेल्या वेगाच्या पुंजीवर चालतो, आणि प्रत्येक वळणाला ती पुंजी खर्च होते. लक्ष्यानं शेवटच्या टप्प्यात जोरात वळण घेतलं तर क्षेपणास्त्राकडे वळायला दमच उरत नाही. म्हणून जाणकार पल्ल्याऐवजी दुसरं अंतर विचारतात : ज्याच्या आत सापडलेलं विमान काहीही केलं तरी निसटू शकत नाही ते, नो एस्केप झोन. युरोपच्या मीटिऑरची एवढी चर्चा होते ती याचमुळे. त्यात रॅमजेट आहे, बाहेरची हवा घेऊन जळतं, जोर कमीजास्त करता येतो, म्हणून शेवटच्या टप्प्यातही त्याच्याकडे जोर शिल्लक असतो.

त्याहून पुढचा प्रश्न जोडणीचा. सोडल्यानंतर क्षेपणास्त्राचे स्वतःचे डोळे उघडेपर्यंत विमानाच्या रडारनं त्याला लक्ष्याची बातमी पुरवत राहावी लागते. रडार, मिशन कॉम्प्युटर, डेटा लिंक आणि क्षेपणास्त्र एकमेकांशी बोलले नाहीत तर पंखाखाली नुसतं वजन आणि हवेचा अडथळा. आणि हे बोलणं घडवणाऱ्या सॉफ्टवेअरची किल्ली कुणाकडे, यावर पुढची तीस-चाळीस वर्षं ठरतात. आपलं ‘अस्त्र’ नावाचं क्षेपणास्त्र सुखोई-३०वर बसवता आलं, कारण त्या विमानात आपल्याला हात घालता येत होता. डीआरडीओनं ते घडवलं, भारत डायनॅमिक्स ते बनवतं आणि मे २०२२ मध्ये त्याच्या पहिल्या मोठ्या खरेदीचा सुमारे २,९७१ कोटींचा करार झाला. कारगिलमध्ये मिराज-२००० वर लेझर बॉम्बची जोडणी युद्धाच्या धांदलीत आपल्या लोकांनी पुरी केली आणि २४ जून १९९९ ला टायगर हिलवर ते बॉम्ब पडले. मिराज तेव्हा आपल्याकडे येऊन चौदा वर्षं झाली होती. घेताना जे सोबत आलं नव्हतं ते शस्त्र त्याच्या पंखाखाली लागलं.

टेस्ट पायलटला मी हेच उत्तर दिलं. म्हटलं, “सर, क्षेपणास्त्र बदलतं. या विमानाच्या हयातीत त्याच्या पंखाखाली निदान तीन पिढ्यांची क्षेपणास्त्रं लागतील. ते बदलायची मुभा यांच्याकडून लिहून घ्या, त्यासाठी मी तुमच्या बाजूनं भांडेन. पण पेनमधून बाहेर पडायची क्षमता पहिल्या दिवसापासून लागते, आणि ती आज सकाळी दिसली नाही.” तो म्हणाला, “कागदावर तू बरोबर आहेस. पण तुझा हा एक रकाना विमानाला रिंगणाबाहेर काढेल, आणि उरलेल्यांपैकी जे येईल ते माझ्या पोरांना घेऊन लढावं लागेल.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ४२ स्क्वाड्रनची मंजुरी असलेल्या दलाला विमान नाकारण्याचा खर्च काय असतो, हे सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त होऊन संख्या २९ वर आली तेव्हा सगळ्या देशानं वाचलं.

अध्यक्षस्थानी एअर कमोडोर होते. त्यांनी शेवटी मलाच विचारलं, “शेरा तुझा आहे. ‘सॉफ्टवेअर बदलाच्या अटीवर पूर्तता’ असं लिहिता येईल का?”

लिहिता आलं असतं. असे सशर्त शेरे मी इतरांच्या अहवालांत वाचले होते आणि त्यांचं पुढे काय होतं तेही बघितलं होतं. करार होतो, अट परिशिष्टात जाते, परिशिष्टाच्या तारखा पुढे सरकतात, आणि काही वर्षांनी एखाद्या उंच तळावरचा तरुण इंजिनिअर पहाटे ट्रॉली शोधत फिरतो. शिवाय बाकीच्या स्पर्धकांचाही प्रश्न होता. त्यांच्यापैकी कुणी हीच अट पुरी करण्यासाठी वजन वाढवून मोठी बॅटरी बसवली असेल, किंमत वाढवली असेल. एकाला अट सोडली तर त्यांच्यावर अन्याय, आणि मोठ्या रकमेच्या खरेदीत चाचण्या तपासायला बसणारी तांत्रिक देखरेख समिती पहिल्याच वाचनात ते पकडणार.

मी लिहिलं : ‘रात्रभर उघड्यावर ठेवल्यानंतर, बाह्य मदतीशिवाय दोन प्रयत्नांत इंजिन सुरू झालं नाही. बाह्य मदतीनं पहिल्या प्रयत्नात सुरू झालं. पूर्तता होत नाही.’ दोन्ही प्रयत्नांचे सेकंदागणिक आकडे सोबत जोडले. मग खाली वेगळ्या परिच्छेदात माझं मत दिलं, ज्याला नियमानुसार काही वजन नव्हतं : दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, देखभालीच्या बाबतीत मी पाहिलेल्या विमानांत हे सर्वांत चांगल्यांपैकी आहे, आणि कंपनीनं निर्णयाआधी याच तळावर, याच ऋतूत पुन्हा करून दाखवलं तर संधी द्यावी.

टेस्ट पायलटनं त्याच अहवालात आपलं मत स्वतंत्र नोंदवलं, माझ्या मताच्या विरुद्ध. दोन्ही मतं एकाच अहवालातून वर गेली. मला ते फार योग्य वाटलं. वरच्या टेबलावर निर्णय घेणाऱ्याला आमचं भांडण दिसलं पाहिजे, आम्ही घासूनपुसून गुळगुळीत केलेलं एकमत नव्हे.

त्याच दिवशी, ट्रॉली लावून का होईना, उरलेलं काम पुरं केलं. सरावाची क्षेपणास्त्रं चढवण्याची चाचणी होती. लोक समजतात तसं क्षेपणास्त्र बसवलं आणि सोडलं असं नसतं. ते शेकडो तास पंखाखाली नुसतं हिंडतं, थरथर सोसतं, चढताना गोठतं, उतरताना तापतं, आणि त्या प्रत्येक तासाची नोंद त्याच्या लॉगबुकात होते, कारण ठरावीक तासांनंतर ते तपासणीला परत पाठवावं लागतं. गार मोटर जळते हळू, तिचा जोर कमी पडतो, म्हणून थंडीतला पल्लाही वेगळा काढावा लागतो. किती तास टांगता येतं आणि परत आलेलं तपासायचं यंत्र आपल्या देशात असणार की कंपनीच्या, हे दोन प्रश्न मी दर वेळी विचारायचो, आणि दर वेळी पहिल्याचं उत्तर चटकन मिळे, दुसऱ्याचं चाचरत. दीडशे-दोनशे किलोचं ते धूड लोडरवरून पंखाखाली नेऊन लाँचरच्या खाचेत सरकवायचं, तेही विरळ हवेत, जिथे चार पावलं भराभर टाकली की धाप लागते. आमच्या पोरांनी ते जाड मोज्यांतच बसवलं. फक्त शेवटचा विजेचा कनेक्टर जोडताना एकाला मोजा काढावा लागला. कंपनीचा मुख्य मेकॅनिक ते बघत होता. त्यानं खिशातून वही काढून कनेक्टरचं चित्र काढलं आणि पकड कुठे मोठी करायची ते आमच्याच पोराला विचारून लिहून घेतलं. सकाळी ज्याचं विमान नापास झालं होतं तो माणूस दुपारी हे करत होता.

संध्याकाळी त्यानं माझ्याकडे सुरू होण्याच्या प्रयत्नांच्या आकड्यांची प्रत मागितली. नियमात बसत होतं, स्वतःच्या विमानाचे आकडे होते, मी अध्यक्षांच्या परवानगीनं दिली.

त्या खरेदीचं पुढे काय झालं ते माझ्या लिहिण्याच्या कक्षेत नाही. एवढं सांगतो, की उंच तळावर थंडीत इंजिन सुरू होणं हा छोटा मुद्दा नव्हता हे नंतर उघडपणे दिसलं. राफेलच्या करारात भारतासाठी खास मागितलेल्या सुधारणांमध्ये तो असल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं आहे. माझ्या प्रसंगातलं विमान ते नव्हे, पण मागणी तीच : आमच्या डोंगरात, आमच्या थंडीत. अशा सुधारणांना पैसे पडतात आणि ते करार करतानाच मोजलेले बरे. २०१९ च्या फेब्रुवारीत संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात हवाई दलाच्या एएसक्यूआरवर टीका आहे, की त्यांत बारीकसारीक तांत्रिक अटींची एवढी गर्दी असते की पुष्कळदा कुठलाच विक्रेता त्या सगळ्या पुऱ्या करू शकत नाही आणि मग मधेच त्या बदलाव्या लागतात. ती टीका मला मान्य आहे. शेकडो रकान्यांपैकी कितीतरी असे असत की ते कुणी, कशासाठी घातले हे विचारल्यावर कुणालाच सांगता येत नसे.

म्हणून त्या चाचणीनंतर मी अपेक्षांच्या मसुद्यासाठी एक टिपण पाठवलं. प्रत्येक अटीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती कुठल्या तळासाठी आहे, ती नसेल तर कुठलं काम अडेल, आणि ती पुढे पैसे देऊन मिळवता येईल की पहिल्या दिवशीच हवी. शेवटच्या प्रश्नानं अटींचे दोन ढीग पडतात. एका ढिगात तडजोड करता येते, तिथे टेस्ट पायलटचं क्षेपणास्त्राचं म्हणणं ऐकायला जागा आहे. दुसऱ्या ढिगात नाही. टिपणाच्या मसुद्यावर त्या टेस्ट पायलटची सही मी मुद्दाम मागितली. त्यानं ती दिली आणि समासात स्वतःची एक ओळ जोडली, की क्षेपणास्त्र बदलण्याची मुभा दुसऱ्या ढिगात टाकावी, पहिल्या नव्हे. वाचल्यावर ते मला पटलं आणि त्याची ओळ तशीच ठेवून टिपण वर पाठवलं.